अग्निशमन भरती : निरीक्षण आणि स्मरणाचा सराव, सीमाभागातील उमेदवारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात भरतीची तयारी म्हटली की पहाटेचं पळणं, पुल-अप्स आणि गणिताचा क्लास. अग्निशमन दलात जायचं म्हणणारी पोरं मात्र हल्ली आणखी एक प्रश्न घेऊन येतात. मोबाईलवर परदेशातले सराव पेपर बघितले, त्यात एक चित्र पाच मिनिटं दाखवून झाकून टाकतात आणि मग प्रश्नांवर प्रश्न. हे आपल्याला जमायचं कसं? तोच प्रश्न अनेक रूपांत येतो. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही लांबली आहेत, काही दोन ओळींत संपतात.

हा विषय आपल्या परीक्षेत खरंच असतो का?

अमेरिका आणि कॅनडातल्या अनेक शहरांच्या फायरफायटर परीक्षेत तो स्वतंत्र भाग म्हणून असतो. रस्त्यावरच्या आगीचं चित्र किंवा इमारतीचा नकाशा काही मिनिटं समोर ठेवतात, टिपण करू देत नाहीत, मग कागद काढून घेऊन प्रश्न विचारतात.

आपल्याकडे तो असा वेगळा काढलेला नसतो, बुद्धिमत्तेच्या विभागात मिसळलेला असतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या कॉन्स्टेबल भरतीच्या अभ्यासक्रमात दृश्य स्मृती, फरक ओळखणे आणि निरीक्षण हे घटक नाव घेऊन छापलेले आहेत. सीआयएसएफच्या, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या, कॉन्स्टेबल (फायर) लेखी परीक्षेत १०० प्रश्न असतात: बुद्धिमत्ता, सामान्यज्ञान, गणित आणि भाषा यांचे प्रत्येकी २५. कर्नाटक राज्याच्या अग्निशामक खात्याची भरती लेखी आणि मैदानी चाचणीवर चालते. विमानतळ प्राधिकरणाची अग्निशमन भरती वेगळी, नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा आणखी वेगळी. ज्या जाहिरातीला अर्ज करणार तिचा अभ्यासक्रम छापून भिंतीला लावा आणि त्यात बसेल तेवढाच वेळ याला द्या. गणित आणि कन्नड कच्चं ठेवून दिवसभर चित्रं बघत बसणं हा शहाणपणा नव्हे.

मग मुळात यावर वेळ का घालवायचा?

कारण ही परीक्षेपुरती गोष्ट नाही. बंब घटनास्थळी पोचल्यावर पहिल्या मिनिटात जे दिसतं त्यावर पुढचे निर्णय ठरतात. आत कोण आहे, आग कुठल्या खोलीत आहे, शेजारी काय रचून ठेवलंय, पाणी कुठून घ्यायचं. आत गेल्यावर धुरात डोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. बाहेर असताना जे बघून ठेवलं तेच हाताशी उरतं.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर दुपारी दोनच्या सुमाराला आग लागल्याचं लक्षात आलं. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि स्फोटकंही होती. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, नंतर दुसरा. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन आणि १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळला जातो. सामान्यज्ञानात तारीख विचारतात म्हणून ती पाठ असतेच. पण जळतंय ते काय आणि त्याच्या शेजारी काय आहे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत हेही त्या दुपारीकडे बघून शिकावं. चित्र बघताना निम्मे उमेदवार पहिल्याच प्रश्नावर थांबतात.

चित्र समोर आलं की आधी काय बघायचं?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच, म्हणून ते लांब आहे.

बहुतेक जण चित्राकडे टक लावून बघतात आणि ‘लक्षात राहू दे’ म्हणत राहतात. तसं काही राहत नाही. आठवण पक्की होते ती चित्र झाकल्यावर डोकं खाजवून नव्हे, बघता बघता चित्राला प्रश्न विचारले तर. आणि ते प्रश्न रोज त्याच क्रमाने विचारायचे. आम्ही मुलांना सहा शब्दांचा क्रम देतो: माणूस, आग, वाट, धोका, पाणी, पत्ता. पाच मिनिटं असतील तर आधी थोडा वेळ सबंध चित्रावरून नुसती नजर फिरवा, काहीही पाठ करायला जाऊ नका. मग हा क्रम धरा.

उदाहरण घेऊ. समजा चित्रात बेळगावच्या शहापूरमधली एक अरुंद गल्ली आहे. दुमजली घर, तळमजल्यावर यंत्रमाग, वर कुटुंब राहतं. वरच्या डाव्या खिडकीत एक बाई हात हलवतेय. गच्चीवर एक मुलगा. तळमजल्याच्या उजव्या खिडकीतून धूर. दारात सुताच्या गोण्या. जिना बाहेरून, घराच्या डाव्या अंगाला. जिन्याच्या तोंडाशी एक स्कूटर आडवी लावलेली. समोर विजेचा खांब, त्याची वायर गच्चीच्या कठड्याजवळून गेलेली. उजवीकडच्या घराच्या परड्यात विहीर. कोपऱ्यावर किराणा दुकान, पाटीवर घर क्रमांक.

माणूस: दोन दिसतात. एक वरच्या डाव्या खिडकीत, एक गच्चीवर. किती, कुठल्या मजल्यावर, कोणत्या बाजूला, काय करतायत. ‘बाई’ एवढं पुरत नाही. ‘वरचा मजला, डावी खिडकी, हात हलवतेय’ असं मनात वाक्य करा. वाक्य केलं की ते टिकतं.

आग: ज्वाळा दिसतात की नुसता धूर? कुठून निघतो, कुठे जातो? इथे धूर तळमजल्याच्या उजवीकडून, म्हणजे बाईच्या तिरक्या रेषेत खाली.

वाट: इथे थांबा, घाई करू नका. परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात असं माझं मत आहे. जिना डावीकडे आहे, म्हणजे धुरापासून लांब. पण स्कूटर आडवी आहे. दारं किती, बाहेर उघडतात की आत, खिडक्यांना गज आहेत का? आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना गज असतातच, त्यामुळे खिडकी दिसली म्हणून ती बाहेर पडायची वाट होत नाही. गल्लीतून बंब येईल का, की कोपऱ्यावरच थांबेल? हा विचार करता करता स्कूटर, जिना आणि गज तिन्ही लक्षात बसलेले असतात, वेगळं पाठांतर लागत नाही.

धोका: वायर, गोण्या, सिलिंडर, पेट्रोलचा कॅन, लोंबकळणारा पत्रा.

पाणी: परदेशी चित्रात रस्त्याकडेला हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी घ्यायचा नळ, असतो. आपल्या डोळ्यांना विहीर, टाकी, टँकर आणि तळं शोधायची सवय हवी. बेळगावच्या जुन्या वस्त्यांत विहिरी कमी नाहीत. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर तर १९२४ च्या अधिवेशनाला पाणी पुरवायला खोदलेली.

पत्ता शेवटी. नियंत्रण कक्षात फोन आला तर पत्ता आधी विचारतात, मग इथे शेवटी का? कारण चित्रातली अक्षरं आणि आकडे नजर आपणहून टिपते. आधी पाटी वाचायला गेलात की बाई राहून जाते.

हा क्रम तुम्हाला पटला नाही तर तुमचा बनवा. पण एकदा बनवला की तो रोज बदलू नका.

इमारतीचा नकाशा आला तर हाच क्रम चालतो का?

चालतो, पण आधी नकाशात ‘शिरावं’ लागतं. वरून बघून खोल्या मोजू नका. मुख्य दारातून आत या, डावा हात भिंतीला लावलाय असं समजा आणि भिंत न सोडता सगळं घर फिरून परत दाराशी या. ही नुसती कल्पना नाही. धुराने भरलेल्या खोलीत शोध घेताना जवान खरोखरच एका हाताने भिंत धरून जातात, म्हणजे परतीची वाट हरवत नाही. एका फेरीत दारं कुठल्या क्रमाने आली ते तोंडाने म्हणा: सोपा, माजघर, डावीकडे जिना, स्वयंपाकघर, मागचं दार, परडं.

दोन गोष्टी हमखास सुटतात. एक, उत्तरेचा बाण. तो दर वेळी वर असेलच असं नाही. पेपर काढणाऱ्याला तो फिरवून ठेवायला फार आवडतं. दुसरी, दाराची कमान. नकाशात दार कोणत्या बाजूला उघडतं ते त्या पाव वर्तुळावरून कळतं, आणि ‘स्वयंपाकघराचं दार कोणत्या खोलीत उघडतं?’ हा प्रश्न येतोच.

सरावाला स्वतःच्या घराचा, शाळेचा, मामाच्या घराचा नकाशा आठवून काढा आणि मग जाऊन पडताळा. शाळेचा जिना तुम्ही उलट्या बाजूला काढलेला निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

धूर उजवीकडे जातोय म्हणजे वारा कुठून?

डावीकडून. वाऱ्याचं नाव तो जिथून येतो त्या दिशेचं असतं. धूर पूर्वेला चाललाय तर वारा पश्चिमेचा. पावसाळ्यात बेळगावला वारा पश्चिमेकडून, घाट चढून येतो. ते एकदा लक्षात ठेवा म्हणजे गल्लत होणार नाही. चित्रात धूर नसेल तर दोरीवरचे कपडे, झेंडा, झाडाच्या फांद्या बघा.

नंबर डोक्यात राहतच नाहीत बघा. काय करावं?

जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडलं की एका वेळी मनात साधारण सात, दोन कमी किंवा दोन जास्त, एवढ्याच वस्तू धरता येतात. पण ‘वस्तू’ म्हणजे एक आकडा असं नाही, एक गठ्ठा. दहा आकडी मोबाईल नंबर आपण तीन गठ्ठ्यांत सांगतो तो याचमुळे.

गाडीच्या नंबराचे गठ्ठे तर सीमाभागात आयते बांधलेले मिळतात. केए २२ बेळगाव, २३ चिकोडी, २४ बैलहोंगल, ४९ गोकाक, ३० कारवार, ३८ बिदर. एमएच ०९ कोल्हापूर, एमएच १० सांगली. ‘केए २३’ ही चार चिन्हं न राहता एक ‘चिकोडी’ झाली की उरलेल्या चार आकड्यांकडे लक्ष द्यायला जागा मोकळी होते. मध्यवर्ती बसस्थानकावर बसची वाट बघताना हा सराव फुकट होतो: गाडी गेली, तोंड फिरवलं, नंबर, रंग, पाटीवरचं गाव, पुढच्या दाराशी कोण उभं होतं.

याहून उपयोगाचा सराव पुणे-बेंगळुरू महामार्गावर आहे. धोकादायक माल नेणाऱ्या टँकरवर मोटार वाहन नियमांनुसार आपत्कालीन माहितीचा फलक असतो. त्यावर मालाचं नाव, संयुक्त राष्ट्रांचा चार आकडी क्रमांक, वर्गाचं चौकोनी चिन्ह आणि आपत्कालीन फोन असतो. डिझेल १२०२, पेट्रोल १२०३, एलपीजी १०७५. साखरपट्ट्यात इथेनॉलचे टँकर दिसतात, त्यांचा ११७०. काही फलकांवर एक छोटा संकेतही असतो, पेट्रोलचा ‘३वायई’ असा. त्यातला पहिला आकडा काय मारायचं ते सांगतो: १ म्हणजे पाण्याचा जेट, २ फवारा, ३ फोम, ४ कोरडं साधन. शेवटी ‘ई’ असेल तर आसपासची माणसं हलवायचा विचार करा. असा अर्थ असलेला नंबर विसरायला होत नाही, आणि तो नोकरीतही लागतो. फक्त बघायचं ते ढाब्यावर बसून किंवा बसच्या खिडकीतून. हँडल हातात असताना नव्हे.

रंग सांगताना गोंधळ उडतो. त्याचा काही सराव आहे का?

रंगाचं नाव नुसतं घेण्यापेक्षा तो कशाचा रंग आहे ते धरा. घरगुती गॅस सिलिंडर लाल, १४.२ किलोचा. हॉटेलात असतो तो व्यावसायिक, १९ किलोचा, बहुधा निळा. उद्यमबागेतल्या कुठल्याही वेल्डिंगच्या शेडसमोर उभे राहा: काळा सिलिंडर ऑक्सिजनचा, मरून रंगाचा ॲसिटिलीनचा. हॉस्पिटलातला ऑक्सिजन काळा, पण खांदा पांढरा. चित्रात ‘दोन सिलिंडर’ दिसले आणि तुम्ही मनात ‘वेल्डिंगची जोडी’ म्हणालात तर संख्या, रंग आणि धोका एकदमच बसले.

लाल-हिरव्यात खरोखर फरक कळत नसेल तर ती सरावाने जाणारी गोष्ट नाही. अर्ज करण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. अशा भरतीत वैद्यकीय तपासणीत रंगदृष्टी बघतात आणि तिथपर्यंत जाऊन परत यायचं दुःख मोठं असतं.

सराव कसा आणि रोज किती वेळ करायचा?

दिवसाला अर्धा तास पुरे. त्यातला बघण्याचा वेळ कमी आणि आठवण्याचा जास्त ठेवा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: चित्र पाच मिनिटं बघतात, दोन-चार गोष्टी आठवतात, लगेच परत उघडून बघतात आणि ‘हां, बरोबर’ म्हणून समाधान मानतात.

रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो चारदा वाचला; काहींनी एकदा वाचून तीनदा, उतारा न बघता, आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र चारदा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. पुन्हा वाचलं की येतंय असं वाटतं, ते वाटणंच फसवं.

म्हणून चित्र झाकल्यावर कोऱ्या कागदावर आधी सगळं लिहा. अडलात तर अडून राहा, दोन मिनिटं तरी. जागा आठवत असेल आणि वस्तू आठवत नसेल तर तिथे चौकट काढून प्रश्नचिन्ह घाला. मगच प्रश्न घ्या, आणि सगळ्यात शेवटी चित्र उघडा. तेच चित्र दुसऱ्या दिवशी न उघडता पुन्हा लिहा, मग चार दिवसांनी. एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच दाखवून दिलं होतं की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि मग मंदावतं. उतरणीच्या त्या पहिल्या टप्प्यातच आठवून बघायचं.

वेळेची सवयही करा. आधी पाच मिनिटं, मग तीन, मग दोन. शेवटच्या पंधरवड्यात गोंगाटात बसून करा. गणपत गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळी बसलात तर गोंगाटाची वेगळी सोय करावी लागत नाही.

सरावाची चित्रं आणायची कुठून?

वर्तमानपत्रातले अपघाताचे आणि आगीचे फोटो. थिएटर, हॉस्पिटल, मोठ्या दुकानात भिंतीवर लावलेले बाहेर पडण्याच्या मार्गाचे नकाशे. रेल्वे स्टेशनचा फलाट. बाजाराच्या दिवशीची खडेबाजारातली गर्दी. टिळकवाडीचं रेल्वे गेट पडलेलं असताना दोन्ही बाजूला थांबलेल्या गाड्या तर फारच चांगल्या, कारण गेट उघडल्यावर चित्र आपोआप पुसलं जातं.

कॅम्प भागात लष्कराच्या आवाराचे आणि सांबऱ्याला हवाई दलाच्या केंद्राचे फोटो काढू नका. सरावाच्या नादात चौकीवर बसायची वेळ यायची. जळत्या घराचे, जखमींचे फोटो काढायला पुढे घुसणंही नकोच. ज्या खात्यात जायचंय त्याच्याच वाटेत तुम्ही उभे असता.

प्रश्न मात्र स्वतः काढू नका. आपण काढलेल्या प्रश्नात आपण बघितलेलंच येतं. भावाला, मैत्रिणीला, आजीला फोटो द्या आणि प्रश्न विचारायला सांगा. आज्या असे प्रश्न काढतात की पेपर काढणाऱ्यानेही शिकावं: ‘त्या बाईच्या हातातली पिशवी कुठल्या हातात होती?’

इंटरनेटवरचे अमेरिकन पेपर सोडवले तर चालतील ना?

चित्र बघायची सवय होते, तेवढ्यापुरते चालतील. पण त्यातली माहिती तशीच उचललीत तर फसाल. तिकडे ‘पहिला मजला’ म्हणजे आपला तळमजला. त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरचा माणूस आपल्या हिशोबाने दुसऱ्यावर असतो. गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, त्यामुळे ‘चुकीच्या बाजूला उभी असलेली गाडी कोणती?’ याचं उत्तर उलटतं.

आगीचे वर्गही जुळत नाहीत. आपल्याकडे ए म्हणजे लाकूड, कापड, कागद यांसारखे घन पदार्थ, बी ज्वालाग्राही द्रव, सी वायू, डी धातू. अमेरिकेत वायू बी मध्येच धरतात, सी म्हणजे चालू विजेच्या उपकरणांची आग, आणि स्वयंपाकाच्या तेलासाठी के. सीआयएसएफच्या पेपरात अमेरिकन उत्तर लिहून आलेली मुलं बघितली आहेत. अभ्यास केलेला असतो, पण दुसऱ्या देशाचा.

स्मरणशक्तीच्या युक्त्या, ‘मनातला वाडा’ वगैरे, उपयोगी पडतात का?

यादी पाठ करायला पडतात. ओळखीच्या वाटेवर एकेक गोष्ट ठेवत जायची ही पद्धत फार जुनी आहे आणि तिचा उपयोग होतो: चन्नम्मा चौकापासून बोगारवेशीपर्यंत चालत जा आणि वाटेतल्या चार खुणांवर आगीचे चार वर्ग ठेवा. पण चित्राच्या प्रश्नाला ती कशाला? चित्रातल्या वस्तूंना स्वतःच्या जागा आहेतच. त्या उचलून दुसऱ्या वाटेवर मांडायच्या आणि पुन्हा परत आणायच्या, यात पाच मिनिटं संपतात. बदाम आणि ब्राह्मीच्या गोळ्यांबद्दलही विचारतात. पैसे असतील तर बदाम खा, छान लागतात.

चित्रात नसलेली गोष्टही मला ‘आठवते’. असं का होतं?

सगळ्यांनाच होतं. आठवण म्हणजे साठवलेला फोटो नसतो, दर वेळी नव्याने जुळवलेली गोष्ट असते, आणि जिथे तुकडा नसतो तिथे मन नेहमीच्या अनुभवातला तुकडा बसवतं. स्वयंपाकघर म्हटलं की सिलिंडर, शाळा म्हटली की घंटा.

प्रश्नाचे शब्दही आठवण बदलतात. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली. ‘गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता?’ असं विचारलं तेव्हा उत्तर सरासरी ताशी ४१ मैलांच्या आसपास आलं. सौम्य शब्द वापरून विचारलं तेव्हा ३२ च्या आसपास. फिल्म तीच. आठवड्याने विचारलं तर पहिल्या गटातल्या जास्त जणांना फुटलेल्या काचाही आठवल्या, आणि काच तर त्यात कुठेच नव्हती.

तेव्हा ‘जळणाऱ्या लाल गाडीजवळ किती माणसं होती?’ असा प्रश्न आला की आधी स्वतःला विचारा: गाडी लाल होती का? सरावाच्या कागदावर तीन रकाने ठेवा: बघितलं, बहुतेक, नाही बघितलं. तिसऱ्या रकान्यात लिहायला लाजू नका. ‘पाठीमागच्या खोलीत कोणी आहे का ते मी बघितलं नाही’ हे वाक्य घटनास्थळी ‘कोणी नव्हतं’ यापेक्षा कितीतरी जास्त कामाचं असतं.

इतकं लक्ष देऊनही समोरची मोठी गोष्टच सुटते. हे माझं काही बिघडलंय का?

नाही. सायमन्स आणि शाब्री यांनी १९९९ मध्ये लोकांना बास्केटबॉलचे पास मोजायला लावले. मधून गोरिलाच्या वेशातला माणूस चालत गेला, छाती बडवून गेला, आणि सुमारे निम्म्या लोकांना तो दिसलाच नाही. मोजण्यात गुंतलेली नजर दुसरं काही घेत नाही. उपाय एकच: बघायचा वेळ संपायला थोडा अवधी उरला की मोजणं थांबवा आणि पुन्हा एकदा सबंध चित्राकडे, कोपऱ्यांसकट, नवख्यासारखं बघा. वरचा उजवा कोपरा सगळ्यात जास्त उपेक्षित असतो असं आमच्याकडच्या कागदांवरून दिसतं.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालंय. चित्रात कन्नड पाट्या असतील तर?

कर्नाटकात नोकरी करायची तर कन्नड वाचता-बोलता आलंच पाहिजे. त्याला पळवाट शोधू नका. या विषयापुरतं म्हणाल तर मोजके शब्द आधी डोळ्यांत बसवा: बेंकी म्हणजे आग, होगे धूर, नीरू पाणी, एड डावं, बल उजवं, एच्चरिके सावधान. ‘तुर्तु निर्गमन’ म्हणजे आपत्कालीन बाहेर पडण्याचं दार. परिवहन महामंडळाच्या बसमध्ये ते रोज डोळ्यांसमोर असतं. कन्नड आकडेही शिका. दहाच तर आहेत, आणि गावोगावच्या पाट्यांवर, मैलाच्या दगडांवर फुकट सराव मिळतो.

उलट बघितलं तर आपल्याकडच्या पोरांचा इथे फायदाच आहे. तीन लिप्यांतल्या पाट्या वाचत मोठं झालेल्या मुलाला पाटी कुठल्या लिपीत होती हेही आठवतं, आणि ‘दुकानाची पाटी कुठे होती?’ याचं उत्तर त्यातूनच सापडतं.

परीक्षेच्या आदल्या रात्री किती चित्रं सोडवावीत?

एकही नाही. झोपा. झोपेत आठवणी पक्क्या होतात, आणि तुम्हाला पहाटे हुबळी किंवा बेंगळुरूच्या गाडीत बसायचं असेल तर ती झोप आणखीच मोलाची.

प्रत्यक्ष पेपरात उत्तरं कोणत्या क्रमाने द्यावीत?

चित्र झाकल्यावर लगेच पहिला प्रश्न वाचू नका. डोळे मिटून सहा शब्दांवरून एकदा फिरून या, अर्धं मिनिट लागतं. कच्चा कागद दिला असेल आणि लिहायची मुभा असेल तर आकडे आधी उतरवा. मग खात्रीची उत्तरं एका दमात द्या; त्यांच्यामुळे राहिलेली काही आपोआप आठवतात. पर्याय वाचण्याआधी स्वतःचं उत्तर मनात म्हणा, नाहीतर चार पर्यायांतला सगळ्यात ओळखीचा वाटणारा तुमची आठवण बनतो. चुकीला मार्क वजा होणार असतील तर ‘बहुतेक’वाले प्रश्न दोन पर्याय बाद करता आले तरच घ्या, आणि वजा होणार नसतील तर एकही गोल रिकामा ठेवून उठू नका.